रा. रा. पुढचा रविवार यांस

मु. पो. चितेगाव, ता. पैठण
शनिवार, रात्रीचे साडेदहा

रा. रा. पुढचे रविवारसाहेब यांसी,

सप्रेम जय ख्रिस्त.

पत्रास कारण की, आपला पत्ता कुठेच मिळेना. भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर पसरलं. त्यात संकष्टी सापडली, एकादशी सापडली, रमजान ईद, बुद्ध पौर्णिमा, गुड फ्रायडे, बायकोने सिलिंडर लावल्याची तारीख, दूधवाल्याचे खाडे, सगळं सापडलं. महिन्याला चार-पाच रविवार लाल शाईत ओळीने बसलेले दिसले. पण ते सगळे नुसते रविवार. आपण त्यांच्यात नाही. म्हणून हे पत्र पाकिटात न घालता उघडंच ठेवतो आहे. ज्याला आपण भेटाल त्याने ते आपल्या हाती द्यावं. आपण भेटत नाही असा माणूस निदान आमच्या मंडळीत तरी मला ठाऊक नाही.

आधी अभिनंदन करतो. गेल्या अकरा वर्षांत आपण माझ्याकडून जे करून घेतलंत ते सैतानाला जातीने येऊनही जमलं नसतं. तो आला असता तर मी ओळखला असता. संडे स्कूलच्या तक्त्यावर त्याला शिंगं होती, शेपूट होती, शंका घ्यायला जागाच नव्हती. "ख्रिस्ताला सोड," असं तो म्हणाला असता, तर अंगात असेल नसेल तेवढं बळ एकवटून मी "नाही" म्हटलं असतं. माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा भाऊबंदांनी त्यांच्या दारचं पाणी तोडलं होतं. त्याची लाज म्हणून तरी मी नाही म्हटलं असतं. पण आपण असलं काही मागितलंच नाही. आपण खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणालात, "आज राहू दे. मी आहे ना."

काय माया!

आपली-माझी ओळख या गावातली. मी मूळचा वैजापूर तालुक्यातला, गोदाकाठचा. आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. रविवारी देवळाची घंटा तीनदा व्हायची. पहिली आंघोळीची, दुसरी कपड्यांची, आणि तिसऱ्या घंटेला दारात नसलं तर आईची चप्पल हातात. कंपनीत लागलो आणि चितेगावात खोली घेतली. इथे घंटा नव्हती, भोंगा होता. दोघांतला फरक कळायला मला बरीच वर्षं लागली. भोंगा चुकला की पगार कापला जातो. घंटा चुकली तर काहीच कापलं जात नाही. देव गेटवर वही घेऊन बसत नाही, लेट मार्क लावत नाही, मेमो देत नाही. या त्याच्या चांगुलपणावरच आपला सगळा धंदा उभा आहे, साहेब.

पहिल्या रविवारी मला फर्स्ट शिफ्ट होती. खरोखर होती, त्यात खोट नाही. दुसऱ्या रविवारी ओटी होता, डबल पैसे. तिसऱ्या रविवारी शिफ्ट नव्हती, ओटी नव्हता, नुसती झोप होती. चौथ्या रविवारी कारण लागलंच नाही. चार आठवड्यांत आपण मला इतकं तयार केलंत की पाचव्या आठवड्यात पाळकसाहेबांचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून आपलं नाव आपोआप निघालं: "पुढच्या रविवारी नक्की, साहेब." 'नक्की' हा शब्द मी त्याआधी एवढ्या प्रेमाने कधी उच्चारला नव्हता.

आमच्याच कंपनीत एक पोरगा आहे. त्याला महिन्यातले तीन रविवार खरंच ड्युटी असते. तो कॅन्टीनमध्ये डबा उघडण्याआधी खिशातला नवा करार काढतो, पाच मिनिटं वाचतो, डोळे मिटतो. सोमवारी सुट्टी मिळाली की पाळकसाहेबांच्या घरी जाऊन बसतो. त्याच्यापाशी आपली डाळ शिजत नाही. शिफ्ट वेगळी आणि आपण वेगळे, हे त्याच्याकडे बघून कळतं. तेव्हापासून मी त्याच्या टेबलावर बसायचं टाळतो.

चितेगावबद्दल दोन शब्द लिहायला हवेत, नाहीतर आपण म्हणाल गावाला उगीच बदनाम केलं. शहरातून पैठण रस्त्याला लागलं की चौदा किलोमीटरच्या दगडाशी हे गाव येतं. व्हिडिओकॉनच्या नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ताच तसा होता: १४ किलोमीटरचा दगड, औरंगाबाद-पैठण रस्ता, मौजे चितेगाव. ज्या कंपनीचे टीव्ही देशभरातल्या दिवाणखान्यांत गेले, तिचं टपाल या गावच्या नावावर येत होतं. टीव्हीची आठवण मुद्दाम काढली. १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर रामायण सुरू झालं, पुढे महाभारत आलं, दोन्ही रविवारी सकाळी. आमच्या मंडळीतले म्हातारे सांगतात, त्या दिवसांत उपासनेला निम्मे बाक रिकामे असत. पण तेव्हा आपल्याला एवढंच भांडवल होतं, एक मालिका आणि एक तास. मालिका संपली की माणसं ओशाळं तोंड करून उशिरा का होईना, येत. आता खिशातल्या मोबाइलवर मालिका संपतच नाही, आणि ओशाळायला कुणी समोरही नसतं.

व्हिडिओकॉन कंपनीचंही पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. कागदोपत्री २०१८ साली ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पण गावातल्या चहाच्या टपरीवर विचारा, नेमकी केव्हा संपली? प्रत्येक जण वेगळं साल सांगतो. कुणी म्हणतो, गेटसमोरच्या हातगाड्या कमी झाल्या तेव्हाच समजलो. कुणी म्हणतो, खोल्यांना भाडेकरू मिळेनासे झाले तेव्हा. तारीख कोर्टाला लागते. टपरीला ती आधीच कळलेली असते. मला कुणी विचारलं की तुझा विश्वास केव्हा थंड झाला, तर मीही तारीख सांगू शकणार नाही. हातगाड्यांचं मात्र सांगू शकेन.

ते सांगतोच. पहिली गेली ती बुधवारची प्रार्थनासभा. तिचं कुणाला वाईट वाटलं नाही, मला तर मुळीच नाही. मग रात्रीची कुटुंबप्रार्थना. आधी रोज व्हायची, मग ज्या दिवशी वीज गेली त्या दिवशी व्हायची, कारण करायला दुसरं काही नसायचं. मग जेवणाआधीची प्रार्थना. ती गेली नाही, आखडत गेली. आई असताना ती एवढी लांब असायची की भाकरी गार व्हायची. शेतातल्या माणसांची नावं, आजाऱ्यांची नावं, पाऊस, सरकार, सगळं त्यात यायचं. माझ्या तोंडी ती तीन वाक्यांवर आली, मग एका वाक्यावर, मग नुसतं 'आमेन'वर. हॉटेलात तर मी कपाळ खाजवल्यासारखं करून प्रार्थना उरकायला शिकलो, म्हणजे शेजारच्या टेबलाला कळू नये. देवाला कळलं की नाही कोण जाणे. मग एका वर्षी औषधांच्या बिलात मी थोडी भर घालून कंपनीकडून पैसे घेतले. त्या रात्री मला शांत झोप लागली. चोरीपेक्षा मला त्या झोपेची भीती वाटते.

आणि या सगळ्यात मी ख्रिस्ती राहिलो, बरं का. नाताळाला दारात तारा लावला, करंज्या-अनारसे वाटले, पुनरुत्थानाच्या पहाटे पांढरा शर्ट घालून फोटो काढला. आपल्या कारभाराची हीच तर खुबी आहे. आपण कुणालाही मंडळीच्या यादीतून काढत नाही.

पेत्राची गोष्ट आपल्याला आवडत नसणार. त्याने एका रात्रीत तीनदा आपल्या गुरूला नाकारलं, शपथा घेऊन. केवढी मोठी पडझड! पण कोंबडा आरवला, त्याला आठवलं, बाहेर जाऊन तो ढसाढसा रडला आणि परत आला. नाकारणाऱ्यासाठी कोंबड्याची सोय आहे. पुढे ढकलणाऱ्यासाठी कुठला कोंबडा आरवणार? मी काही नाकारलंच नव्हतं. मी तर 'हो' म्हटलं होतं, फक्त पुढच्या रविवारी. चितेगावात कोंबडे पुष्कळ आहेत, पहाटे चारपासून ओरडतात. मी कूस बदलतो.

आपले सगळ्यात जुने गिऱ्हाईक बहुधा सुभेदार फेलिक्स. प्रेषितांच्या कृत्यांत तो येतो. पौलाने त्याच्यासमोर नीतिमत्त्व, संयम आणि येणारा न्याय यांविषयी सांगितलं, तेव्हा त्याला घाम फुटला. खरी भीती वाटली होती. दुसरा कुणी असता तर गुडघे टेकले असते. याने पौलाला सांगितलं, तूर्त जा, सवड झाली की बोलावीन. दोन वर्षं सवड झाली नाही. (मधल्या काळात लाच मिळेल म्हणून तो पौलाला पुन्हापुन्हा बोलवायचा, त्यासाठी मात्र सवड होती.) मग त्याची बदली झाली, आणि पौल तुरुंगातच राहिला.

पण मला खरं बोलायचंय ते लूकने सांगितलेल्या मेजवानीविषयी, कारण ती गोष्ट पैठण रस्त्यावर रोज घडते. एका माणसाने मोठं जेवण ठेवलं, आवतणं गेली, जेवण तयार झालं, आणि एकेकाने सबबी सांगायला सुरुवात केली. पहिला म्हणाला, शेत घेतलंय, बघायला जायचंय. आमच्याकडे शेत कुणी बघत नाही, प्लॉट बघतात. बिडकीनची औद्योगिक वसाहत जाहीर झाल्यापासून या रस्त्याला रविवारची सकाळ ही प्लॉट बघायची वेळ आहे. एजंट पांढरी गाडी घेऊन येतो, चुन्याने आखलेले चौकोन दाखवतो, "साहेब, इथे उद्या चौक होणार" असं सांगतो. मीही एक बघून ठेवलाय. सात-बारा साफ नाही, पण एजंट म्हणाला, "पुढच्या महिन्यात होऊन जाईल." तो आपला धाकटा भाऊ असावा. दुसरा निमंत्रित म्हणाला, बैलांच्या पाच जोड्या घेतल्यात, जुंपून बघतो. आता बैलांच्या जागी जुनं पिकअप आलं, पण रविवारी सकाळी गॅरेजवाल्याकडे उभं राहून बोनेट उघडायचं ते तसंच चालू आहे. तिसऱ्याने लग्नाची सबब सांगितली. मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. इथे दुसऱ्याचं लग्न असलं तरी माणूस आदल्या दिवशीच्या हळदीपासून गुंततो, आणि तिथी नेमकी रविवारीच निघते.

तिघांपैकी एकाचंही कारण पापाचं नाही, हे लक्षात घ्या. शेत, बैल, बायको. ज्या वस्तूंसाठी माणूस देवाकडे हात जोडतो, त्याच वस्तू. देवाने दिलेलं दान घेऊन देवाच्याच जेवणाला नाही म्हणायचं, ही युक्ती आपल्याशिवाय कुणाला सुचणार!

आणि त्या गोष्टीचा शेवट आपण मला कधी सांगितला नाहीत. यजमानाने जेवण रद्द केलं नाही. पुढच्या रविवारवरही ढकललं नाही. त्याने रस्त्यावरचे, गल्लीबोळांतले, लंगडे, आंधळे, गरीब बोलावून आणले आणि घर भरून टाकलं. गेल्या नाताळात मी आमच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर टेकलो (पुढे जागा नव्हती, आणि तोंड दाखवायची छातीही नव्हती) तेव्हा आजूबाजूला बघितलं. नाइट ड्युटी संपवून गणवेशातच आलेला वॉचमन, धुणीभांडी करणाऱ्या दोन बहिणी, भंगाराची गाडी बाहेर लावून आलेला एक म्हातारा. ती माणसं दर रविवारी येतात असं कळलं. माझी खुर्ची गेलीय आणि ताटात वाढलंही गेलंय, फक्त दुसऱ्याच्या.

एकदा आपण स्वतः रजेवर गेला होतात, ते मात्र कबूल करतो. २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं, चर्चला कुलूप लागलं, आणि पहिल्या दोन रविवारी मला चक्क उपासनेची आठवण आली. जायला परवानगी नव्हती ना! माणसाची जात. मग उपासना मोबाइलवर सुरू झाली आणि आपण ताजेतवाने होऊन परतलात. पलंगावर लोळत, चहा पीत, प्रवचन दीडपट वेगाने ऐकायचं. गीत आलं की आवाज बारीक. दानार्पणाची वेळ आली की नेमकं नेटवर्क जायचं. १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. मी म्हटलं, गर्दी कमी होऊ दे.

आपले वकील आता उठून म्हणतील, देव काय फक्त चर्चमध्ये राहतो? तो सगळीकडे आहे. मान्य. शंभर टक्के मान्य. तो चितेगावात आहे, पलंगावर आहे, पिकअपच्या बोनेटखालीसुद्धा आहे. प्रश्न त्याच्या हजेरीचा नाहीच. जे घरी भक्ती करतात म्हणून चर्चला येत नाहीत त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मला तसा अजून एकही भेटलेला नाही. आणि मुकाट्याने बाक उबवणारेही आपलेच पाहुणे असतात, हेही मला ठाऊक आहे. शरीर दुसऱ्या रांगेत, मन प्लॉटवर. त्यांना आपण 'पुढचा रविवार' म्हणून भेटत नाही, 'आतलं काम नंतर' म्हणून भेटता. नाव वेगळं, दुकान एकच.

दुकानावरून आठवलं. आमच्या किराणावाल्याने गल्ल्यामागे पाटी लावलीय: 'आज रोख, उद्या उधार'. दोन वर्षांचं पोरही त्यातली मेख ओळखतं. उद्या कधी उजाडणार नाही म्हणूनच ती पाटी आहे. त्या पाटीला हसणारा मी दर आठवड्याला देवासमोर तीच पाटी धरतो आणि मनापासून समजतो की मी त्याचं काही बुडवत नाहीये.

पाण्याचंही बघा. जायकवाडीतून शहराला पाणी नेणाऱ्या जलवाहिन्या याच रस्त्याच्या कडेने जातात. जुन्या ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या, आता त्यांच्या जोडीला २५०० मिलिमीटरची. वाहिनी फुटली की पेपरात फोटो येतो, कारंजं उडतं, पोरं भिजतात, पालिकेचे लोक धावत येतात. सांध्यातून जे गळतं त्याचा फोटो कुणी काढत नाही. तिथे गवत हिरवं दिसतं, म्हशी चरतात, बघणाऱ्याला बरंच वाटतं. धरण काठोकाठ आणि शहरातल्या नळाला कित्येक दिवसांनी पाणी, हे कोडं आम्ही वर्षानुवर्षं ऐकतोय. प्रकटीकरणात लावदिकीया नावाच्या मंडळीला जी बोलणी खावी लागली, त्यांच्या मुळाशीही असंच नळाचं पाणी होतं असं बरेच अभ्यासक मानतात. जवळच्या एका गावाला गरम झरे, दुसऱ्याला थंडगार पाणी, आणि लावदिकीयाला लांबून नळांतून येणारं. पोचेपर्यंत धड गरम नाही, धड गार नाही. गाव मात्र पैसेवालं, लोकरीचा व्यापार, सावकारी पेढ्या. आम्हाला काही कमी नाही असं म्हणणारं. बिडकीनला प्लॉट असता तर त्यांनीही घेतला असता.

आता आपल्याला न आवडणाऱ्या दोन माणसांची नावं घेतो. नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या माणसाने नवा करार दिला. त्यानंतर दोन वर्षं ते वाचत राहिले, पत्रं लिहीत राहिले, घुटमळत राहिले. तेव्हा आपल्याला वाटलं असेल, गिऱ्हाईक आपलंच. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. जुनं पंचांग काढून बघा, साहेब, त्या दिवशी रविवार होता. पुढचा नाही, तोच. आणि एवढ्यावर थांबले नाहीत. १९१७ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, नाव झालेलं, मिशनचा पगार चालू, अशा वेळी त्यांनी पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. पुढे दोनच वर्षं मिळाली त्यांना, १९१९ मध्ये गेले. माझ्यासारख्याने रिटायरमेंटनंतरचा बेत केला असता.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडातला. पुढे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहून ठेवलं की तेव्हा धर्म मिळाला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. ते कळायला आठ वर्षं गेली. म्हणजे आठ वर्षं त्या अशा ठिकाणी उभ्या होत्या जिथे मी अकरा वर्षं आरामखुर्ची टाकून बसलोय. फरक इतकाच की त्यांना ते सलत होतं, आणि जगाला माहीत असलेल्या बाईने ते छापून सांगितलं. मी मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी फुलांच्या चित्रावर वचन टाकतो.

फाल्गुनात नाथषष्ठीला या रस्त्याने दिंड्या जातात. बहुतेक वेळा आमचे उपवासकाळाचे दिवस असतात तेव्हा. गेल्या खेपेला मी गेटबाहेर उभा राहून बघत होतो. उन्हात तापलेल्या डांबरावर अनवाणी म्हातारी, डोक्यावर तुळस, तोंडात नाव. आपण तिला गाठलं होतंत का? "आजी, पुढच्या षष्ठीला," असं म्हणाला होतात का? तिने ऐकलं नसावं, टाळांचा आवाज फार होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं टिळक म्हणत. मी त्या दिवशी एका वारकरी म्हातारीकडे बघून लाजलो, हेही त्याच पुलाचं एखादं टोक असेल.

इतकं लिहून झालं, पण ज्यासाठी लिहायला बसलो ते राहिलंच आहे.

आमचे संडे स्कूलचे गुरुजी रिटायर होऊन शहरात मुलाकडे राहायला आले होते. माझं सगळं पाठांतर त्यांनी करून घेतलेलं. मी चर्चला कधीमधी उगवायचो, तेव्हा ते दुसऱ्या बाकावर असायचे. एवढे दिवस कुठे होतास, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. शेजारची पिशवी उचलून मांडीवर घ्यायचे, म्हणजे मला जागा होईल. मग त्यांची दृष्टी गेली. मधुमेह होता. गेल्या वर्षी त्यांचा फोन आला: "वेळ झाला तर येऊन जा रे. डोळ्यांनी वाचवत नाही. तुझ्या तोंडून एखादा अध्याय ऐकीन म्हणतो."

मी काय म्हणालो ते आपल्याला पाठ असेल. एकदा नाही, पाच वेळा म्हणालो. प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "बरं बरं, सावकाश ये."

एका गुरुवारी ते गेले. मला सुट्टी मिळाली. गेटपास दहा मिनिटांत हातात! ज्या सुपरवायझरला रविवारची रजा मागायची माझी छाती होत नव्हती, त्याने स्वतः पाणी पाजलं आणि म्हणाला, "निघा तुम्ही, मी बघतो इथलं." कबरस्तानात मूठभर माती टाकली. परतताना त्यांचा मुलगा माझ्याबरोबर गेटपर्यंत आला आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलला, "दर रविवारी दुपारी ते मला दोन खुर्च्या ओट्यावर काढायला लावायचे. म्हणायचे, तो येणारेय."

पाच रविवार, दोन खुर्च्या.

तेव्हापासून तुला 'आपण' म्हणायचं माझ्या जिवावर आलंय. वरची अदब केवळ पत्राची रीत म्हणून होती. तू माझा रविवार खाल्लास ते मी सोसलं असतं, तो माझाच होता. एका आंधळ्या म्हाताऱ्याच्या दुपारी तू कोणत्या हक्काने खाल्ल्यास? आणि तो हक्क तुला दिला कुणी, हे विचारू नकोस. सही माझीच आहे, मला माहीत आहे.

मी सुधारलो असं समजू नकोस. गुरुजी गेल्यानंतरचे दोन रविवार मी गेलो, तिसऱ्याला तू पुन्हा आलास, गुडघा दुखतोय म्हणालास, आणि गुडघा खरंच दुखायला लागला. तुझा हात असा आतपर्यंत पोचतो. म्हणून मोठ्या आणाभाका घेत नाही. उद्यापुरतं बोलतो. गुरुजींच्या गल्लीत त्यांच्याच वयाच्या एक आजी आहेत, मंडळीतल्याच. त्यांनाही आता वाचता येत नाही, असं त्यांच्या सुनेने बायकोला सांगितलं. उपासना नऊला. तिथून आजींकडे साडेअकरापर्यंत पोचता येईल. त्यांना कोणता अध्याय हवाय ते विचारून घेतलंय. लूकचा पंधरावा म्हणाल्या. हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं आणि हरवलेला पोरगा, तिन्ही त्यातच येतात. त्यांनी मुद्दाम निवडला की सहज, ते माहीत नाही.

आपला (इतकी वर्षं खरोखर आपलाच होतो),
चितेगावचं एक जुनं गिऱ्हाईक

ता. क. प्लॉटवाल्या एजंटचा आत्ताच फोन येऊन गेला. उद्या सकाळी दहाला पार्टी येतेय, नाही आलात तर सौदा जाईल म्हणाला. मी त्याला म्हटलं, पुढच्या रविवारी. गाडीत पेट्रोल संध्याकाळीच टाकून आणलंय, आणि चावी बायकोकडे देऊन ठेवलीय.